बाहुली, कॅमेरा आणि एक मिनिट

मागच्या महिन्यात शनिवार-रविवारला दोन दिवस जोडून चोपड्याला गेलो होतो. आयटीवाला माणूस घरी गेला की त्याची कामं ठरलेली असतात. ती सगळी केली. वडिलांच्या मोबाईलमधले ढीगभर 'गुड मॉर्निंग' उडवले, शेजारच्या काकांचा प्रिंटर बघितला (केबल निघाली होती), 'आमच्या पोराचं तुमच्या कंपनीत काही होईल का' या प्रश्नाला नेहमीचं गुळमुळीत उत्तर दिलं. शुक्रवारी संध्याकाळी मावसबहीण आली. ताई जिल्ह्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे. हातात प्लास्टिकची फाईल.

"भाऊ, हे जरा वाचून सांग बरं. मला यातलं अर्धंच कळतंय."

फाईलमध्ये कोटेशन होतं, सिम्युलेशन लॅबच्या ऑडिओ-व्हिज्युअल यंत्रणेचं. छताला तीन फिरते कॅमेरे, छतातच माईक, काचेपलीकडे कंट्रोल रूम, सगळं रेकॉर्ड करणारा सर्व्हर, त्याचं सॉफ्टवेअर, त्या सॉफ्टवेअरचं दरवर्षीचं लायसन्स आणि शेवटी एक मोठ्ठा टीव्ही. खालचा आकडा बघून मी आधी पाणी प्यायलो.

"घ्यायचं का नाही ते सोमवारी लिहून द्यायचंय. हे घेतलं तर यंदा दुसरं काही मिळणार नाही. म्हणजे नव्या बाहुल्या नाहीत."

आत्ता किती आहेत, विचारलं. मोठी एक. ती काचेच्या कपाटात, वर प्लास्टिकचं कव्हर, किल्ली ऑफिसात. इन्स्पेक्शन आलं की बाहेर निघते. नवजात बाळाची बाहुली, तीही एकच. आणि वर्गात मुली चाळीस.

ज्यांना नर्सिंगशी काही घेणंदेणं नाही त्यांच्यासाठी (म्हणजे दोन दिवसांपूर्वीच्या माझ्यासाठी) सांगतो. सिम्युलेशन लॅब म्हणजे खोटा वॉर्ड. खरी कॉट, खरं सलाईन, खरा ऑक्सिजन मास्क, पेशंट मात्र बाहुली. बाहुलीला अचानक रक्तस्राव होतो, श्वास थांबतो, आणि विद्यार्थिनीला त्या क्षणी जे करायचं ते करावं लागतं. चुकलं तर कुणी मरत नाही. हे सगळं कॅमेऱ्यात पकडायचं आणि नंतर बसून बघायचं, यासाठी ती ऑडिओ-व्हिज्युअल यंत्रणा.

आता वाटेल, एवढं काय त्यात. पण ताईच्या मुली पास होऊन जातात कुठे ते बघा. काही नाशिक-पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलांत जातात. काही मात्र आमच्याच तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला लागतात. वैजापूर, सत्रासेन, उमर्टी, पुढे मध्य प्रदेशची हद्द. रात्री दोनला बाळंतीण येते, बाळ बाहेर येतं आणि रडत नाही. जळगावचं सरकारी मेडिकल कॉलेज (२०१८ मध्ये सुरू झालं, त्याआधी तेही नव्हतं) तापीच्या पलीकडे. अँब्युलन्स येईपर्यंत त्या खोलीत जी कुणी आहे तीच डॉक्टर, तीच नर्स. आणि तिच्याकडे असतं साधारण एक मिनिट.

तेव्हा शुक्रवारची रात्र आणि शनिवारचा सगळा दिवस मी वाचत बसलो. आईने दोनदा विचारलं, ऑफिसचं काम आहे का. म्हटलं, नाही गं, बाहुल्यांचं.

सुरुवात एका सुईणीपासून करावी लागते. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये आंजेलिक द्यु कुद्रे नावाची सुईण होती. १७४० मध्ये पॅरिसमध्ये तिला रीतसर परवाना मिळाला, आणि पुढे ती ओव्हेर्न्यच्या डोंगराळ भागात गेली. तिथल्या बायकांना शिकवायचं होतं आणि त्यातल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. पुस्तकाचा उपयोग शून्य. म्हणून तिने बाईच्या कमरेखालच्या भागाची कापडी प्रतिकृती शिवली. कापड, चामडं, कापूस, आणि काहींमध्ये आत चक्क खरी कटीची हाडं. सोबत कापडाचंच बाळ. त्या बाळाला तोंड आणि तोंडात जीभ सुद्धा, म्हणजे पायाळू बाळ अडकलं तर बोट कुठे घालायचं ते शिकता यावं. पुढच्या सुधारित आवृत्तीत तिने आत स्पंज बसवले. ते दाबले की योग्य वेळी रंगीत पाणी बाहेर. गर्भजल आणि रक्त!

हे वाचताना मी थांबलोच. ताईच्या फाईलमधल्या महागड्या बाहुलीच्या माहितीपत्रकात 'रक्तस्रावाची वास्तवदर्शी अनुभूती' असं ठळक अक्षरात छापलंय. ती अनुभूती अडीचशे वर्षांपूर्वी एका बाईने सुईदोऱ्याने दिली होती.

१७५९ मध्ये पंधराव्या लुईने तिला राज्यभर फिरून शिकवायचा अधिकार दिला. १७८३ पर्यंत ती गावोगाव फिरली. चाळीसहून जास्त शहरं, साधारण पाच हजार बायका. दोन महिन्यांचा कोर्स, आणि भर सगळा हाताने करण्यावर. प्रत्येकीने यंत्रावर स्वतः करून बघायचं. ती त्याला 'यंत्र'च म्हणायची. त्यातलं एक आजही रूआं शहरातल्या संग्रहालयात आहे. फोटो बघितला. आपल्याकडच्या जुन्या गोधडीसारखा मळकट गुलाबी रंग, आणि शिवण इतकी सुबक की आमच्या आजीने नक्की हात लावून बघितला असता.

आपल्याकडे काय होतं त्या काळात? सुईणी होत्याच. सासूकडून सुनेकडे, मावशीकडून भाचीकडे ते ज्ञान जायचं. इंग्रजी पद्धतीचं नर्सिंग मुंबईत आलं आणि शिकायची जागा झाली वॉर्ड. १८९१ मध्ये मुंबईत प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव पहिल्या भारतीय नर्स म्हणून घेतलं जातं. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्याचं सेवासदन उभं केलं आणि तिथून विधवा बायका नर्सिंग शिकायला ससूनला जाऊ लागल्या. त्या काळात सोवळ्यातल्या घरच्या विधवेने परक्या माणसाच्या जखमेला हात लावायचा म्हणजे काय वादळ झालं असेल, तो वेगळ्या लेखाचा विषय. इथे मुद्दा एवढाच की शिकणं म्हणजे मोठ्या सिस्टरच्या मागे उभं राहून बघणं, आणि एक दिवस ती म्हणणार, 'आता तू कर.' पहिलं इंजेक्शन जिवंत माणसालाच. तो जिवंत माणूस बहुधा धर्मार्थ वॉर्डातला गरीब असायचा, हेही बोलून टाकलेलं बरं.

साधारण त्याच सुमाराला, १९११ मध्ये, अमेरिकेत हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेच्या प्रमुख लॉडर सदरलँड वैतागल्या होत्या. कॉट आवरणं, पेशंटला कुशीवर वळवणं हे शिकवायला त्यांच्याकडे पेंढा भरलेला पुतळा होता. तो ना वाकायचा ना वळायचा. त्यांनी पत्र लिहिलं एका बाहुलीवालीला. मार्था जेंक्स चेस, ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावची. ती विणलेल्या कापडाच्या, तैलरंगाने रंगवलेल्या बाहुल्या करायची. सदरलँडबाईंनी मागितली माणसाच्या उंचीची, सांधे वाकणारी बाहुली. ती आली आणि मुलींनी तिचं नाव ठेवलं 'मिसेस चेस'. १९१४ च्या सुधारित बाहुलीत इंजेक्शनसाठी दंडात जागा आली आणि एनिमासारखे उपचार शिकवायला पोटात पाण्याची टाकी आली. आज आपण याला 'व्हर्जन टू' म्हटलं असतं, रिलीज नोट्स काढल्या असत्या.

पुढची बाहुली सगळ्यांना माहीत आहे, नाव माहीत नसलं तरी. फर्स्ट एडच्या ट्रेनिंगमध्ये जिच्या छातीवर दाबायला लावतात ती. नॉर्वेतल्या स्टॅव्हँगरचे ऑस्मुंड लेर्डाल मुळात खेळणी करणारे. छोट्या गाड्या आणि मऊ प्लास्टिकची 'ॲन' नावाची बाहुली. त्यांचा लहान मुलगा पाण्यात बुडता बुडता वाचला होता. तोंडाने श्वास द्यायची पद्धत तेव्हा नवीन होती आणि ती शिकवायची कशावर हा डॉक्टरांपुढचा प्रश्न होता. लेर्डालनी १९६० मध्ये 'रेससी ॲन' बाजारात आणली. तिचा चेहरा पॅरिसमधल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतलेला. त्या मुलीबद्दलची सीन नदीत बुडाल्याची गोष्ट खरी का खोटी ते जाऊ द्या, पण चेहरा बघितला की विसरत नाही.

गंमत बघा. एक सुईण, एक बाहुलीवाली, एक खेळणीवाला. लहानपणी गल्लीतल्या मुलींना भुलाबाई मांडताना बघून आम्ही पोरं हसायचो, ते आठवलं. बाहुली हा पोरखेळ असतो असं आम्हाला वाटायचं.

इंजिनिअर मंडळी आली ती १९६० च्या दशकाच्या शेवटी. लॉस एंजेलिसला दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात एब्रॅहमसन आणि डेन्सन यांनी 'सिम वन' बनवला. कॉम्प्युटरवर चालणारा पुतळा. छाती वरखाली व्हायची, पापण्या मिटायच्या, दिलेल्या औषधाप्रमाणे नाडी बदलायची. अफाट खर्च आला आणि तसा एकच बनला. आपल्या क्षेत्रातल्या लोकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल, डेमो उत्तम पण प्रॉडक्ट नाही.

आता कॅमेऱ्याकडे येतो. मला वाटलं होतं कॅमेरा दवाखान्यातून आला असेल. पण आधी तो आला शाळेतून, आणि त्याचा धागा निघाला थेट आमच्या घरात.

शनिवारी दुपारी जेवताना मी वडिलांना सांगत होतो की स्टॅनफर्डला १९६३ च्या सुमारास ड्वाइट ॲलन वगैरेंनी होतकरू शिक्षकांना पाच-दहा मिनिटांचा छोटा पाठ घ्यायला लावला, तो व्हिडिओ टेपवर रेकॉर्ड केला, लगेच दाखवला आणि सुधारून परत घ्यायला लावला. नाव ठेवलं मायक्रोटीचिंग. वडील (निवृत्त शिक्षक) घास हातात धरून म्हणाले, "सूक्ष्म अध्यापन! सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटं पुनर्नियोजन, सहा पुनरध्यापन, सहा परत प्रत्याभरण. एकूण छत्तीस." बी.एड. होऊन इतकी वर्षं झाली तरी पाठ.

"आणि व्हिडिओ?"

"कसला व्हिडिओ? वर्गमित्रच विद्यार्थी व्हायचे, एक जण मागे बसून तक्त्यावर खुणा करायचा आणि सर बोलायचे."

नेमकी इथेच मेख आहे. ही पद्धत भारतात आली तेव्हा व्हिडिओ रेकॉर्डर म्हणजे चैनीची वस्तू होती. १९७० च्या दशकात बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातल्या आणि एनसीईआरटीच्या मंडळींनी तिचं भारतीय रूप घडवलं, त्यात कॅमेरा गाळला. खऱ्या विद्यार्थ्यांच्या जागी सहाध्यायी आले, टेपच्या जागी निरीक्षणाचा तक्ता आला. बाकी साचा तोच राहिला. छोटं करा, लगेच बोला, परत करा. आणि देशभरातल्या बी.एड. कॉलेजांत हे वर्षानुवर्षं चाललं. पुष्कळ ठिकाणी नुसती औपचारिकता झाली तो भाग वेगळा. (वडिलांनी हे वाक्य मला काढून टाकायला सांगितलंय.)

दवाखान्यात कॅमेरा आला तो विमानामार्गे. १९७७ मध्ये टेनेरीफला दोन जंबो जेट धावपट्टीवर धडकली, ५८३ माणसं गेली. विमानं चांगली होती, माणसं एकमेकांशी नीट बोलली नव्हती. अशा अपघातांच्या धक्क्यातून १९७९ मध्ये नासाने कार्यशाळा घेतली आणि वैमानिकांना 'एकत्र काम कसं करायचं' हे शिकवायची पद्धत सुरू झाली. स्टॅनफर्डचे भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी ती ऑपरेशन थिएटरमध्ये आणली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या पेशंटचं सिम्युलेटर उभं केलं, १९९० पासून संकटकाळच्या प्रशिक्षणाचे कोर्स घेतले. खोट्या थिएटरमध्ये संकट घडवायचं, व्हिडिओ घ्यायचा, नंतर सगळ्यांनी बसून बघायचा. त्या बसण्याला 'डिब्रीफिंग' म्हणतात. २००० च्या आसपास लेर्डालचा 'सिममॅन' आला, तुलनेने परवडणारा, आणि मग जगभरच्या नर्सिंग कॉलेजांत काचेपलीकडच्या कंट्रोल रूम दिसू लागल्या. ताईच्या कोटेशनचं मूळ हे.

मग या सगळ्याचा उपयोग होतो का? २०१४ मध्ये अमेरिकेतल्या नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय परिषदेने मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १० कॉलेजं, साडेसहाशेच्या वर विद्यार्थी. काहींचे वॉर्डमधले निम्मे तास काढून त्या जागी सिम्युलेशन दिलं. शेवटी परीक्षेत आणि कामात ही मुलं बाकीच्यांच्या मागे नव्हती. म्हणजे नीट चालवलं तर खोटा वॉर्ड खऱ्या वॉर्डाची बरीच जागा घेऊ शकतो. भारतातही इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम सेमिस्टर पद्धतीवर नेला तेव्हा त्यात सिम्युलेशनला जागा दिली. मॅनेजमेंटला अचानक जाग आली ती त्यामुळे.

पण माझा प्रश्न कॅमेऱ्याचा होता. त्याचं उत्तर सापडलं २००६ च्या एका अभ्यासात. कॅनडात टोरांटोला साव्होल्देली आणि सहकाऱ्यांनी भूलशास्त्र शिकणाऱ्या ४२ डॉक्टरांचे तीन गट केले. तिन्ही गटांना सिम्युलेटरवर संकट हाताळायला दिलं. एका गटाशी नंतर कुणी काही बोललं नाही, दुसऱ्याशी नुसती चर्चा केली, तिसऱ्याला व्हिडिओ दाखवत चर्चा केली. मग पुन्हा संकट दिलं. ज्यांच्याशी कुणी बोललं नाही ते सुधारले नाहीत. बाकी दोन्ही गट सुधारले, आणि त्या दोघांत फरक आढळला नाही.

परत वाचलं. महागड्या सिम्युलेटरवर जाऊन आलेला डॉक्टर, पण नंतर कुणी बोललं नाही म्हणून होता तिथेच. आणि नुसतं बोलणारा व्हिडिओवाल्याच्या बरोबरीने. बडोदेवाल्यांनी नाइलाजाने कॅमेरा गाळला तेव्हा नेमकं गाळायचं तेच गाळलं होतं म्हणायचं!

शनिवारी संध्याकाळी ताईला फोन करून विजयी सुरात हे सांगितलं. ती म्हणाली, "ते ठीक आहे. पण माझ्या मुली प्रॅक्टिकल झाल्यावर म्हणतात, मॅडम मी वेळेत केलं. मला वाटतं नाही केलं. मग बोलायचं कशावर?"

बरोबर होतं तिचं. आणि मला माझीच गोष्ट आठवली. एकदा रात्री तीन वाजता आमची सिस्टीम पडली होती. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी छातीठोक सांगितलं की अलर्ट आल्यावर दहा मिनिटांत मी काम सुरू केलं. लॉग काढला, छत्तीस मिनिटं. मी खोटं बोलत नव्हतो, मला खरंच तसं आठवत होतं. घाबरलेल्या माणसाची आठवण हा फार लबाड डेटाबेस आहे. टोरांटोच्या डॉक्टरांसमोर अनुभवी मास्तर होते, ज्यांनी सगळं टिपून घेतलं होतं. ताई एकटी आणि मुली चाळीस.

म्हणून मग मी आपल्याकडचं काही सापडतं का ते शोधलं, आणि सापडलं ते अगदी त्या एका मिनिटाबद्दलच. २०१० मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने आणि इतरांनी मिळून 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' नावाचं प्रशिक्षण काढलं. जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटाला ते 'सुवर्ण मिनिट' म्हणतात. बाळ कोरडं करा, पाठ चोळा, गरज असेल तर तोंड साफ करा, तरी श्वास नसेल तर मिनिट संपायच्या आत अंबू बॅगने हवा द्यायला लागा. त्यासाठीची बाहुलीही लेर्डालचीच, 'निओनॅटली'. पण ही मात्र साधीसुधी. आत पाणी भरायचं म्हणजे बाळाएवढं वजन येतं, आणि शिकवणारीने हातातला रबरी फुगा दाबला की नाळेची नाडी लागते. ना वायर, ना कॉम्प्युटर. द्यु कुद्रेबाईंना लगेच कळली असती.

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या मंडळींनी हे प्रशिक्षण ग्रामीण भागातल्या प्रसूती करणाऱ्यांना दिलं आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. 'मृत जन्म' म्हणून नोंदल्या जाणाऱ्या बाळांचं प्रमाण ३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मेलेलं समजून बाजूला ठेवलेल्या बाळांतली काही मेलेली नव्हती. कुणीतरी हवा द्यायला हवी होती, एवढंच. त्याआधी गडचिरोलीत 'सर्च'मध्ये अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या थोड्याफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत करून हेच काम घरोघरी करवून घेतलं होतं, आणि गुदमरून होणारे बालमृत्यू सुमारे ६५ टक्क्यांनी घटल्याचं २००५ मध्ये मांडलं होतं. थोड्याफार शिकलेल्या बाईला हे जमतं का, ही शंका तिथे संपली.

पण पुढची गोष्ट तितकी गोड नाही, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. हेच प्रशिक्षण नंतर बेळगाव, नागपूर आणि केनियातलं एल्डोरेट अशा तीन ठिकाणी मोठ्या प्रमाणावर दिलं गेलं. २०१६ मध्ये निकाल आले, तेव्हा संपूर्ण भागाच्या मृत्यूच्या आकड्यांत ठळक फरक दिसला नाही. त्याच प्रकल्पात त्यांनी आणखी एक गोष्ट तपासली होती, शिकलेलं टिकतं का? ट्रेनिंग संपतं त्या दिवशी जवळजवळ सगळे पास. काही महिन्यांनी 'माहिती' डोक्यात बऱ्यापैकी टिकून, पण हाताचं कसब, म्हणजे अंबू बॅग बरोबर धरून हवा आत पोचवणं, ते घसरलेलं. उजळणी घेतली की परत वर.

म्हणजे हात विसरतो. सायकलसारखं नाही हे. आणि कपाटात कुलूपबंद असलेल्या बाहुलीवर उजळणी होत नाही.

रविवारी सकाळी ताईने प्राचार्यांची परवानगी घेतली (किल्लीसकट), हॉस्टेलच्या सहा-सात मुली बोलावल्या. मी कॅमेरा म्हणून माझा मोबाईल नेला. स्टँड नव्हता, म्हणून स्टीलचा डबा आणि दोन पुस्तकं. फक्त एक गोष्ट मुद्दाम केली, भिंतीवरचं घड्याळ काढून बाळाच्या शेजारी ठेवलं, म्हणजे फ्रेममध्ये हात आणि सेकंदकाटा दोन्ही येतील. चेहरे घ्यायचे नाहीत आणि संपल्यावर सगळ्यांसमोर डिलीट करायचं, हे आधीच ठरवलं. (हे प्रत्येक कॉलेजने ठरवायला हवं. शिकणाऱ्या मुलीची चूक कुणाच्या व्हॉट्सॲपवर फिरणं हा गुन्हाच समजायला पाहिजे. कोटेशनमध्ये व्हिडिओ किती दिवस ठेवायचे, कोण बघणार याबद्दल एक ओळ नव्हती.)

पहिली मुलगी आली ती सत्रासेनकडची. बोलायला लाजरी, पण हात चपळ. ताईने बाळ हातात दिलं, "रडत नाहीये." मुलीने कोरडं केलं, चोळलं, डोकं सरळ केलं, बॅग लावली, छाती हलली. छान केलं. ताईने विचारलं, जन्मापासून हवा द्यायला किती वेळ लागला? "अर्धं मिनिट, मॅडम." बाकीच्याही म्हणाल्या, हो, अर्धंच. खरं सांगतो, मलाही तेवढंच वाटलं होतं.

मोबाईल लावला. एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद.

कुणी काही बोलेना. ताईने ओरडायला सुरुवात केली नाही, हे मला फार आवडलं. तिने व्हिडिओ मागे नेला आणि विचारलं, "इथे तू काय शोधत होतीस?" मुलगी बघत राहिली. मग म्हणाली, "मास्क." मास्क टॉवेलच्या खाली गेला होता. बाळ पुसताना टॉवेल तिनेच टेबलावर टाकला होता, मास्कवर. चाळीसच्या वर सेकंद त्यात गेले होते, आणि तिला त्यातला एकही आठवत नव्हता. दुसरी एक म्हणाली, "मॅडम, वॉर्डात पण ट्रे तिकडेच असतो." मग ट्रे कुठे ठेवायचा, टॉवेल कुठे टाकायचा यावर वीस मिनिटं चर्चा झाली. मी गप्प बसलो. माझं काही काम नव्हतं तिथे.

ट्रे उजव्या बाजूला, बाळाच्या डोक्याशी ठेवला. परत केलं. बावन्न सेकंद. मग बाकीच्यांनी केलं. चौथीच्या वेळी लाईट गेली, तरी त्यांनी खिडकीच्या उजेडात चालू ठेवलं. बॅटरी माझ्या मोबाईलची संपली, बाळाला लागतच नाही.

सोमवारी ताईने जे लिहून दिलं ते मी टाईप केलं, म्हणून मला माहीत आहे. कंट्रोल रूम नको. फिरते कॅमेरे नकोत. नवजात बाळाच्या सहा बाहुल्या, सहा अंबू बॅगा, बाळंतपणातला रक्तस्राव शिकवायची पोटाला बांधायची एक साधी प्रतिकृती. एक कॅमेरा, एक स्टँड, सेकंदकाट्याची दोन मोठी घड्याळं. टाईमटेबलमध्ये प्रत्येक प्रॅक्टिकलनंतर वीस मिनिटं बसून बोलायला, ती वेळ दुसऱ्या कुठल्या तासाला द्यायची नाही. दर दोन महिन्यांनी उजळणी. आणि लॅबच्या कपाटाला कुलूप नको. या शेवटच्या ओळीवर आमचा थोडा वाद झाला. मी म्हणत होतो, हे लेखी कशाला, उगाच कुणाला लागेल. तिने ठेवलीच.

मॅनेजमेंटचं उत्तर अजून आलेलं नाही. परवा फोन केला तेव्हा ताई म्हणाली, कोटेशनवाला माणूस दोनदा येऊन गेला, आता टीव्ही फुकट देतो म्हणतोय. किल्ली मात्र त्या रविवारपासून तिच्याकडेच आहे. परत मागायचं ऑफिसला सुचलं नाही, आणि तिनेही आठवण करून दिलेली नाही.